चढलीस का?

चाकांवरच्या घरात राहायला आलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी पाणसळ दाखवते. बोटभर काचेची नळी, आत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधल्या दोन रेघांच्या आत आला की गाडी समपातळीत आहे. तो नेहमी उंच बाजूला पळतो. म्हणजे बुडबुडा डावीकडे गेला तर गाडीची उजवी बाजू खचली आहे असं समजायचं, आणि उजव्या चाकांखाली फळी घालायची. नवी माणसं हसतात. घर जरा तिरकं असलं तर काय बिघडलं, म्हणतात. मग त्यांचा फ्रिज गार होईनासा होतो, अंघोळीचं पाणी मोरीऐवजी दाराकडे धावतं, आणि ती माझ्याकडे फळ्या मागायला येतात.

मी नेब्रास्कात जन्मभर तिसरीच्या वर्गाला शिकवलं. निवृत्त झाल्यावर मर्लने आणि मी घर विकलं आणि ही गाडी घेतली. मर्ल माझा नवरा. धिप्पाड माणूस, तो चढला की दारातली पायरी करकरायची आणि सगळी गाडी त्याच्या बाजूला, डावीकडे कलायची. तीन वर्षांपूर्वी आयडाहोत एका तळ्याकाठी मासे साफ करता करता तो गेला. गाडी मी ठेवली. डॅशबोर्डवरची पाणसळ त्यानेच चिकटवलेली आहे. पलंगाच्या उजव्या बाजूला मी झोपते. डाव्या बाजूला धुतलेले कपडे ठेवते, पण झोपत नाही.

हिवाळा आम्ही फिरस्ते ॲरिझोनाच्या वाळवंटात काढतो, क्वार्ट्झसाइट गावाच्या दक्षिणेला. काळ्या खड्यांची कडक जमीन, मधून मधून आयर्नवूडची झाडं, कोरडे ओढे, आणि नजर जाईल तिथवर पांढऱ्या गाड्या. नळ नाही, वीज नाही. पाणी गावातून भरून आणायचं, सांडपाण्याची टाकी तिथेच रिकामी करायची आणि परत आपल्या जागी गाडी मागे घेत लावायची. माझ्या शेजारी गस आणि इर्मा असतात. तळावरच्या एका नियमाचं कारण हे दोघे आहेत.

नियम असा. गाडी मागे घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं आणि हातांनी इशारे करायचे. चालवणाऱ्याने त्याला आरशात बघत राहायचं. तो आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी थांबायचं. आणि पुन्हा निघताना, चाक हलवण्याआधी, दार उघडं ठेवून मोठ्याने विचारायचं, "चढलीस का?" उत्तर कानावर पडल्याशिवाय दार लावायचं नाही.

गसने एकदा विचारलं नव्हतं.

"हातात दोन कॉफ्या घेऊन मी न्यू मेक्सिकोतल्या पंपावर उभी," इर्मा नव्या माणसांना सांगते, "आणि हा बाबा माझ्या रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारत निघून गेला!"

"त्या दिवशी पहिल्यांदाच तिने मला मध्ये तोडलं नाही," गस म्हणतो. "मला वाटलं, पटलं असेल तिला."

सगळे हसतात. मर्लही हसायचा.

नोव्हेंबर संपता संपता ड्वेन पिकेट आला. गाडी जुनी, बाजूचा तपकिरी पट्टा उन्हाने उडालेला. मागे सायकली टांगायला तीन हूक होते. एकावर पुरुषाची सायकल, एकावर लहान मुलीची, मधला रिकामा. तो माझ्या पलीकडच्या जागेत, आयर्नवूड आणि एका मोठ्या खडकाच्या मधून गाडी मागे घेत होता. त्याच्या पाठीमागे ओढ्याचा काठ होता, पुरुषभर उंच. मागे उभी राहून आठ वर्षांची एक मुलगी दोन्ही हात हलवत होती. तिच्या अंगात मोठ्या माणसाचं नारिंगी जाकीट होतं, बिनबाह्यांचं, रस्त्यावर काम करणारे घालतात तसलं. ते तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होतं. मुलगी थांब म्हणत होती आणि गाडी थांबत नव्हती.

मी पत्र्यावर हात आपटला. मागचं चाक काठावर येऊन थांबलं.

"तुझी पोरगी डाव्या आरशात आहे," मी म्हटलं. "तू बघतोस कुठे?"

"सवय, मॅम," तो म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. "माझी बायको उजवीकडे उभी राहायची."

"डावीकडे राहावं असं सगळे सांगतात."

"तिलाही सगळ्यांनी सांगितलं होतं." तो हसला, आणि मग ते हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

ही माणसं मूळची आर्कान्सासची. ड्वेन, त्याची बायको मार्ला आणि मुलगी टॅली घर सोडून वर्षभर रस्त्यावर राहिली होती. वसंतात टेक्सासमधल्या ॲमरिलोत मार्लाच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. हॉस्पिटलात नेईपर्यंत ती बोलत होती, नंतर नाही. तेव्हापासून बाप-लेक एकेका गावी थोडं थोडं राहत इथवर आली होती. ड्वेन तळावरच्या लोकांची सौर पॅनेलं दुरुस्त करायचा. सकाळी टॅली वही घेऊन माझ्याकडे यायची.

अपूर्णांक मी तिला पाण्याच्या टाकीवर शिकवले. पाव टाकी, अर्धी टाकी, उरली किती. शिवाय ज्या गोष्टी शाळेत कुणी शिकवत नाही त्याही. अंग ओलं करून नळ बंद करायचा, साबण लावायचा, मग नळ उघडायचा. भांडी आधी कागदाने पुसायची. गाडी हलवण्याआधी छतावरची खिडकी बंद आहे का बघायचं. जागा सोडताना गाडी थोडी पुढे घ्यायची, उतरायचं, आणि आपण जिथे उभे होतो ती जागा एकदा नीट बघायची. काय राहिलं ते तेव्हाच दिसतं.

"आणि खाली कोण राहिलं ते?" टॅलीने विचारलं.

"त्यासाठी आधी विचारायचं. चढलीस का म्हणून."

तिने यावर बराच वेळ पेन्सिल चावली.

इशारे मात्र तिने मला शिकवले. आईचे. ते नारिंगी जाकीटही आईचंच होतं. मूठ म्हणजे थांब. कोपर हलवलं तर जरासंच. "आणि हे," असं म्हणून तिने दोन्ही तळवे डोक्यावर ठेवले, "म्हणजे बरोब्बर, आलो घरी, आता चहा ठेव. हे दुसऱ्या कुणाचं नाही. आईने काढलेलं आहे."

पहिल्या आठवड्यातच ड्वेन फळी मागायला आला. संध्याकाळी गाडी समपातळीत लावली होती आणि सकाळी बुडबुडा डावीकडे होता. मी जाऊन पाहिलं. उजवी बाजू मागच्या अंगाला खचली होती. वरचे खडे कडक असले तरी खाली वाळू असेल, असं मी म्हटलं. आम्ही फळी घातली, बुडबुडा मध्ये आणला. तो पाणी भरून परत आल्यावर पुन्हा तेच झालं. मी जागा बदलायला लावली. नव्या जागीही सकाळी उजवी बाजू खाली होती.

"मागे उजवीकडे काय आहे तुझ्या गाडीत?" मी विचारलं.

"पलंग."

"वजनदार काही ठेवलंयस?"

"ती मार्लाची बाजू आहे, मॅम. मी तिथे काहीच ठेवत नाही."

मला ते समजण्यासारखं होतं.

मग पाणी. दोन माणसांना, त्यातलं एक आठ वर्षांचं, ती टाकी आठवडाभर पुरायला हवी होती. पुरत नव्हती. गसने गाडीखाली झोपून सगळे पाइप तपासले. कुठे ओल नव्हती.

"पोरगी चोरून अंघोळ करत असेल," गस म्हणाला.

"आठ वर्षांची पोरगी?" इर्मा म्हणाली. "चोरून अंघोळ? तुला मुलं नाहीत हे कळतं हं!"

सगळे हसले, ड्वेनही हसला. डिसेंबरातल्या एका दुपारपर्यंत मीही हे सगळं वाळू आणि पाणी एवढ्यावरच ठेवलं होतं.

त्या दुपारी टॅली माझ्या टेबलाशी बसून चीज सँडविच खात होती. ड्वेन एकटाच पाणी भरायला गेला होता. खिडकीतून मला त्याची गाडी परत येताना दिसली. मी चपला शोधायला लागले, कारण मागे उभं राहायला कुणी नव्हतं. मी दारापर्यंत पोचायच्या आत गाडी झाडाच्या आणि खडकाच्या मधून एका दमात मागे आली, जरा डावीकडे वळली, सरळ झाली आणि थांबली. मी कितीतरी वर्षं लोकांना गाड्या लावताना बघते आहे. इतकं अचूक मी कुणाला लावताना पाहिलं नव्हतं. मर्ललासुद्धा नाही.

ड्वेन उतरला. चेहऱ्यावर समाधान होतं.

"काय रे, एकटाच शिकलास की!" मी म्हटलं.

"एकटा कुठे? टॅली होती ना मागे. आज अगदी छान दाखवलं तिने."

माझ्या पाठीमागे पायरीवर टॅली आली. हातात अर्धं सँडविच.

ड्वेनने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या अंगाकडे. जाकीट तिने घातलेलं नव्हतं. ते माझ्या खुर्चीच्या पाठीवर होतं.

"कुठल्या आरशात दिसली तुला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

गाडीत जाऊन त्याने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडीच्या उजव्या आरशावर एक जुना मोजा चढवलेला होता.

"त्याला थंडी वाजतेय का?" इर्माने मला विचारलं. मी हसले नाही, तेव्हा तीही हसायची थांबली.

मी टॅलीला काही विचारलं नाही. मुलांना विचारलं की ती आपल्याला आवडेल ते उत्तर देतात. वाट पाहिली की खरं सांगतात. दोन दिवसांनी गुणाकार करता करता मान वर न करता ती म्हणाली,

"हॉस्पिटलच्या मागे जागा अगदी अरुंद होती, मिस वेल्डा. आई गेल्यावर तिथून निघताना बाबांनी गाडी मागे घेतली. आई मागे उभी होती. तिने डोक्यावर हात ठेवले. मग बाबांनी दार लावलं आणि आम्ही निघालो. त्यांनी विचारलंच नाही."

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"मला वाटलं चढली असेल. ती नेहमी चढायची."

खिडकीबाहेर रानगाढवं कोरड्या ओढ्यातून चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो.

"आता ती मागून चालत येते," टॅली म्हणाली. "म्हणून उशिरा पोचते. म्हणून फळी सकाळी घालावी लागते. मग गाडी लावायची असली की परत उतरते, दाखवायला. आणि बाबा परत विचारत नाहीत. मोजा घातल्यापासून तर ते बघतही नाहीत." तिने पेन्सिल खाली ठेवली. "ती दमली असेल ना?"

मी मुलांशी खोटं बोलत नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणते.

"मला माहीत नाही, टॅली."

जानेवारीत ड्वेनने सांगितलं की तो गाडी विकणार आहे. फोर्ट स्मिथला त्याची बहीण राहते, तिच्याकडे जाणार, टॅलीला शाळेत घालणार. "आरशात बघता येत नाही मला," तो म्हणाला. "आणि ज्याला आरशात बघता येत नाही त्याने असली गाडी चालवू नये. तुम्हीच शिकवलंत ना?"

मी शिकवलं होतं. त्याचं काही चुकत नव्हतं.

निघायच्या सकाळी इर्माने पॅनकेक बांधून दिले. गसने टायरमधली हवा तपासली. ड्वेनने फळ्या काढल्या आणि गाडी थोडी पुढे घेतली. टॅली जागा बघायला उतरली. ती त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली आणि परत येईना.

"टॅली, चल."

"बाबा, विचारा ना."

ड्वेन दारात आला. "चल ग पोरी."

"एकदाच. हळू विचारलं तरी चालेल. तिला ऐकू येतं."

गस आपल्या बुटांकडे बघायला लागला. इर्माने त्याचा हात धरला. मी पायरीजवळ गेले.

"विचार तिला," मी हळूच म्हटलं. "तुझ्यासाठी नको वाटलं तर पोरीसाठी विचार. दोन शब्दच आहेत."

ड्वेनने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते, पण आवाज शांत होता.

"आणि उत्तर आलं नाही तर, मिस वेल्डा?"

मी मागे वळून टॅलीकडे पाहिलं.

"आणि आलं तर?"

मर्ल गेला त्या सकाळी मीही त्या तळ्याकाठून न विचारताच गाडी काढली होती. तेव्हापासून निघताना मी कधी कुणाला हाक मारलेली नाही.

टॅलीने हट्ट केला नाही. रडलीही नाही. तिने अंगातलं नारिंगी जाकीट काढलं, टाचा उंचावून आयर्नवूडच्या फांदीला अडकवलं आणि ते नीट सारखं केलं, मुलं शाळेत खुंटीला कोट लावतात तसं.

"कुणाला तरी ती दिसली पाहिजे," ती मला म्हणाली, आणि गाडीत चढली.

दार लागलं. उजव्या आरशावरचा मोजा वाऱ्याने हलत होता. मागच्या खिडकीत तिचा चेहरा होता. धूळ उठली आणि तोही दिसेना.

संध्याकाळी वारा वाढला. जाकीट उडून जाईल म्हणून मी ते घरात आणलं, खुर्चीच्या पाठीवर टाकलं.

सकाळी माझ्या पाणसळीतला बुडबुडा डावीकडे होता.

सबंध हिवाळा पाणी भरून आले की मी गाडी त्याच जागी लावत होते. बुडबुडा एकदाही हलला नव्हता. मी उजव्या चाकाखाली फळी घातली. त्या आठवड्यात पाणीही लवकर संपलं. मी गावात जाऊन भरून आणलं आणि परतताना, नेहमी करते तसं, उतरून मागे बघायचं, चढायचं, थोडं घ्यायचं, पुन्हा उतरायचं, अशी तयारी केली. पण आधी उजव्या आरशात पाहिलं.

त्या दिवशी मला एकदाही उतरावं लागलं नाही.

मार्चमध्ये टॅलीचा फोन आला. मागे नळाचा आणि भांड्यांचा आवाज होता. शाळेबद्दल तिने थोडं सांगितलं. मग म्हणाली,

"मिस वेल्डा, आई इथे नाही आली. तुमच्याकडे आहे का?"

मी पाणसळीकडे पाहिलं. फळी घालूनही बुडबुडा पुन्हा रेघेवर होता.

"हो," मी म्हटलं.

ती श्वास घ्यायची थांबली होती, ती पुन्हा घ्यायला लागली. "मग तुम्ही विचाराल?"

मार्चअखेर ऊन तापतं आणि तळ रिकामा होतो. दरवर्षी मी उत्तरेला जाते. या वर्षी मी पूर्वेचा रस्ता धरायचं ठरवलं. फोर्ट स्मिथला तो ॲमरिलोवरूनच जातो.

गस आणि इर्मा आदल्या दिवशीच गेले होते. मी फळी काढली. छतावरची खिडकी लावली. गाडी थोडी पुढे घेतली, उतरले, जागा बघितली. काही राहिलं नव्हतं.

मग मी पायरीशी येऊन बाहेरच उभी राहिले. दार सताड उघडं होतं. तिथून डॅशबोर्ड दिसतो. बुडबुडा मध्ये होता.



"मार्ला, चढलीस का?"

वारा नव्हता. कुठे गाढवही ओरडत नव्हतं.

पायरी हलकेच दबली. बुडबुडा डावीकडे निघाला, रेघेबाहेर गेला आणि थांबला.

"बरं," मी म्हटलं.

दार लावायला मी हात पुढे केला. दुसरं एक नाव ओठांवर आलं होतं. ते मी घेतलं नाही. ड्वेनचे दोन्ही प्रश्न मला आठवत होते. पण दारही लावलं नाही. ते तसंच उघडं धरून ठेवलं, थोडा वेळ.

पायरी करकरली. जड माणसाच्या पावलाखाली करकरते, तशी.

बुडबुडा हलला. डावीकडून सावकाश मागे आला, मधल्या दोन रेघांच्या आत शिरला आणि तिथे स्थिर झाला.

मी अजून बाहेरच उभी होते.